पाठ न लागलेल्या मल्लांचे दालन

पत्र्याच्या डब्याचं झाकण पडलं.

दुपारची वेळ. आकाशनं झोळीत नुकतेच डोळे मिटले होते आणि घरात इतकी शांतता होती की भिंतीवरची पालसुद्धा पाय पुसून चालत असावी. झाकण आधी उभं फिरलं, मग कलंडून फिरलं, मग फरशीशी बराच वेळ हुज्जत घालून एकदाचं थांबलं. आकाशनं झोपेतच ओठ चुटचुट वाजवले आणि कूस बदलली. माजघरातून सासऱ्यांचा दबका आवाज आला.

"चीत का पट गं, सूनबाई?"

मी वाकून पाहिलं. "चीत, मामंजी."

"मग हात दे त्याला."

मी झाकण उचललं.

जगात जे जे उभं आहे ते कधी ना कधी पडतं. हे पडणं आजवर कुणालाही थांबवता आलेलं नाही. पण पडल्यावर कुठली बाजू जमिनीला लागली हे ठरवायला समिती नेमता येते, आणि आमच्या गावानं ती नेमली, याचा मला अभिमान आहे.

गावाचं नाव देत नाही. प्रसिद्धी आधी दालनाला, मग गावाला, असा ठराव क्रमांक दोन आहे. कापूरहोळला भोरचा फाटा धरला की डाव्या अंगाला कुठंतरी, एवढं पुरे. गावात तालीम आहे. म्हणजे खोली आहे. तिच्यातली लाल माती काढली आहे. गावातल्या थोर मल्लांचे फोटो लावण्यासाठी 'मल्ल गौरव दालन' करायचं ठरलं तेव्हा एक मोठी, कोरडी, भिंती सरळ असलेली जागा हवी होती, आणि अशी गावातली एकमेव जागा नेमकी कुस्तीनंच अडवून ठेवली होती. मग आखाडा बुजवून वर टाइल्स बसवल्या. निघालेल्या मातीचं वाटप असं झालं: दोन ट्रॉल्या एसटी थांब्यासमोरच्या खड्ड्यात, एक ट्रॉली अध्यक्षांच्या गुलाबाच्या कुंड्यांत, आणि एक बरणी दालनात, काचेच्या पेटीत, 'लाल माती (हात लावू नये)' अशा पाटीसह.

तालमीतली पोरं आता शिवऱ्याच्या जिमला जातात आणि आरशासमोर उभी राहतात. आरशाशी कुस्ती करण्यात एक सोय आहे, कुणीच पडत नाही.

आमच्या घरी मात्र कुस्ती चालू राहिली, ती पडवीतल्या गोधडीवर. एका बाजूला माझी मुलगी रश्मी, वय पाच, वजन साडेसोळा किलो. दुसऱ्या बाजूला तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे कोंडिबा, वय बहात्तर, एक गुडघा वातानं धरलेला. दिवाळीपासून आजतागायत रश्मीनं आजोबांना दोनशे चौदा वेळा चीत केलं आहे. (हा आकडा तिचा आहे. तिला एकोणचाळीसच्या पुढचं येत नाही, त्यामुळे पुढची मोजणी मी केली.) ती त्यांच्या छातीवर बसते, दोन्ही हात वर करून पडवीभर आरोळी ठोकते, आणि मामंजी खालून म्हणतात, "हात दे."

"आधी मी जिकले म्हना."

"हात दिल्याबिगर जितलेलं धरत न्हाईत, पैलवान. पाडलं त्यानंच उठवायचं. मंग पंचानं हात वर करायचा."

मग ती छातीवरून उतरून आपला इवलासा हात पुढं करते. बहात्तर वर्षांचा माणूस त्या हाताला धरल्यासारखं करून आपल्याच बळावर उठतो, आणि तिला वाटतं की तिनंच उचललं. मी भाकरी थापता थापता हे रोज पाहते. इथं समितीचं काही काम नव्हतं.

समितीत चार जण. अध्यक्ष रखमाजी, ज्यांचं हायवेला हॉटेल आहे. तांत्रिक सदस्य बंडू, ज्याचं कापूरहोळला फ्लेक्सचं दुकान आहे. (दालनाची कल्पनाही त्याचीच, लग्नसराई संपली होती.) सदस्य हनुमंत, जे प्रत्येक बैठकीला येतात आणि 'बराबर' म्हणतात. आणि सचिव म्हणून मी. माझी निवड तीन कारणांनी एकमतानं झाली: मी बी. ए. आहे, मला मोबाईलवर मराठी टाइप करता येतं, आणि बैठका आमच्याच पडवीत होत असल्यानं चहा मलाच करायचा होता. सचिव म्हणजे आधण ठेवून ठराव लिहिणारी व्यक्ती. कुठला ठराव किती उकळू द्यायचा, हे तिच्या हातात असतं.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला, मान कुणाला द्यायचा?

"वरच्या आळीचा चिमाजी," अध्यक्ष म्हणाले. "ढाक डाव मारावा तो त्यानंच."

"त्याला उत्रोलीच्या जत्रंत पोरानं पाडलं व्हतं," बंडू म्हणाला. तो खालच्या आळीचा. "धा मिंटात."

"आन तुझा चुलता? त्यो तर रिंगणात उतरला का पडायचा. येळ वाचवायचा लोकांचा."

"माज्या चुलत्याचं नाव काडायचं काम न्हाई!"

"बराबर," हनुमंत म्हणाले.

असा दीड तास गेला. वरच्या आळीनं खालच्या आळीचे आणि खालच्या आळीनं वरच्या आळीचे पराभव इतके तपशिलात सांगितले, की गावात कुणी कधी जिंकलंच नाही असं वाटायला लागलं. आत आकाशच्या दुधाची वेळ झाली होती. तो जागा होऊन झोळीत पाय झाडत होता, अजून रडला नव्हता. ज्यांना तान्ही मुलं आहेत त्यांना त्या चार मिनिटांची किंमत कळेल. त्या चार मिनिटांत मी भांडण मिटेल असं एक वाक्य टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं:

'निकष क्रमांक १: दालनात स्थान मिळणाऱ्या मल्लाची पाठ आखाड्यात एकदाही लागलेली नसावी.'

अध्यक्ष म्हणाले, "शिकल्याल्या मानसाचं ह्ये आसं आसतंय बगा." ठराव मंजूर झाला आणि मी आत पळाले. आकाश दूध पिता पिता माझ्याकडे टक लावून बघत होता. पडवीच्या कोपऱ्यात बसलेले मामंजी सुपारी कातरायचे थांबले होते, हे मला तेव्हा दिसलं नाही.

निकष ठरला की छाननी आलीच. आमच्या जत्रेच्या पंचांकडे 'जोडीची वही' असते. कुणाची कुस्ती कुणाशी लागली आणि निकाल काय, हे एकोणीसशे एकसष्टपासून तिच्यात लिहिलेलं आहे. ती वही मी आठ दुपारी बसून वाचली, एका हातानं झोळीची दोरी ओढत. निष्कर्ष असा: गावच्या एकशे बारा मल्लांपैकी एकशे अकरा जण कधी ना कधी चीत झाले होते. बाकी राहिला एक. त्याची एकच कुस्ती नोंदलेली, निकाल 'विजयी'. शेरा होता: 'समोरचा मल्ल एसटी चुकल्याने आला नाही.' त्याचं नाव एकमतानं घेण्यात आलं.

एका फोटोचं दालन चांगलं दिसेना. तेव्हा बंडूनं एक मूलभूत विचार मांडला.

"वहीत ज्यांचं नाव हाय ते समदे पडल्यात," तो म्हणाला. "मंग ज्यांचं नाव न्हाई, ते?"

हिशेब केला. गावची लोकसंख्या एक हजार एकशे चाळीस. वहीत नसलेल्यांत एकाचीही पाठ आखाड्यात लागल्याचा पुरावा नव्हता. शंभर टक्के अजिंक्य! इतका मोठा ठेवा गावात आहे याची आजवर कुणाला कल्पनाच नव्हती. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

सगळ्यांना घेणं शक्य नव्हतं, भिंती चारच. म्हणून 'कुस्तीशी जवळीक' हा पूरक निकष लावून पुढील निवड झाली. पूर्ण यादी दालनात आहे. वानगीदाखल थोडी देते.

रखमाजी, अध्यक्ष. सातव्या वर्षी रेवड्यांच्या बक्षिसावर लागणाऱ्या लहान मुलांच्या कुस्तीत उतरले होते. सलामी देतानाच घरी पळाले. पळणाऱ्याची पाठ सगळ्या गावाला दिसली, पण ती जमिनीला लागली नाही, म्हणून पात्र.

एक गृहस्थ, ज्यांचा डावा कान पैलवानासारखा तुटलेला आहे. (कारण: म्हशीची शेपटी. पण कान बघून परगावची माणसं त्यांना रस्ता देतात, हे समितीनं विचारात घेतलं.)

एक दूधवाले, ज्यांनी तालमीला अकरा वर्षं दूध घातलं. त्या दुधात पाणी असूनही पोरं टिकली, त्यामुळे पोरांतली खरी ताकद सिद्ध झाली, असा युक्तिवाद त्यांनी स्वतःच केला.

दुबईला असलेले एक जण, जे कुस्तीचे व्हिडिओ रोज सकाळी गावच्या ग्रुपवर टाकतात.

असे सतरा झाले. यादी वाचून दाखवत होते तेवढ्यात हनुमंतांच्या पत्नी धोंडाबाई शेणाची पाटी कमरेवर घेऊन पडवीत आल्या. वय पासष्ट, आवाज धरणापलीकडे जाणारा.

"माजं नाव लिव्हलं का?"

"वैनी, ह्ये पैलवानांचं हाय," अध्यक्ष म्हणाले.

"मंग? नियमात बाईमानूस नगं आसं लिव्हलंय का, माधुरी?"

मी पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

"ह्या गावात माजी पाठ कुनी लावली न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "ह्यांनी बी न्हाई. इचारा."

सगळ्यांनी हनुमंतांकडे पाहिलं. हनुमंत बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत होते.

"बराबर," ते म्हणाले.

अठरावं नाव बिनविरोध झालं.

त्याच बैठकीच्या शेवटी मामंजी कोपऱ्यातून उठले. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. हातात पत्र्याच्या डब्यातून काढलेला एक फोटो होता. ज्याचं झाकण त्या दिवशी दुपारी त्यांच्या हातून पडलं तोच डबा. फोटो काळापांढरा, कडा खाल्लेला.

"आमचा बी बगा लावता आला तर," ते म्हणाले. गावात कुणाकडे कधी काही न मागितलेल्या माणसाला मागणं जमत नाही. त्यांनी ते वाक्य फोटोलाच उद्देशून म्हटलं.

इथं मामंजींची कारकीर्द नोंदवणं भाग आहे. एकूण कुस्त्या चौऱ्याहत्तर. विजय नऊ, बरोबरीत सोडवलेल्या चार, पराभव एकसष्ट. या बाबतीत पंचक्रोशीत त्यांच्या जवळपास कुणी नाही. त्याचं कारण असं, की जत्रेला लांबून मल्ल यायचे. वेल्ह्याकडून डोंगर उतरून चालत यायचे. कुणाच्या ताकदीची जोड, म्हणजे तोडीचा प्रतिस्पर्धी, गावात नसायची, आणि जोड न मिळता आलेला मल्ल तसाच परत गेला तर गावाची नाचक्की. मग पंच रिंगणाच्या कडेला बघत म्हणायचे, "कोंडिबा, उतर बाबा." आणि मामंजी, वजनानं दीडपट असो की दुप्पट असो, सदरा काढून उतरायचे. एकसष्ट वेळा पडले. एकसष्ट पाहुणे जोड घेऊन, हात वर करून, जेवून परत गेले. वहीत याची नोंद 'चीत' अशी एका शब्दात आहे.

अध्यक्षांनी फोटो हातात घेतला. फोटोत एक पहाडासारखा मल्ल वर होता आणि खाली, दोन्ही खांदे मातीला टेकलेले, तोंड आमच्याकडे वळलेलं, चोवीस वर्षांचे मामंजी. हसत होते.

"कोंडिबा," अध्यक्ष हळहळून म्हणाले, "आरं, फोटूतच पाठ लागलीया की. पुरावा तूच आनलास."

अर्ज सोबत जोडलेल्या कागदपत्राच्या आधारे फेटाळण्यात आला. सचिवानं तसं टाइप केलं. सचिवाचा अंगठा 'फेटाळण्यात' या शब्दावर तीनदा चुकला.

"बराबर हाय," या वेळी मामंजी म्हणाले. "नियम म्हंजी नियम."

"मामंजी, तो नियम मीच..."

"लेकरू रडत व्हतं. म्या बगितलं की." आणि मग, "ह्यानं हात दिला व्हता, बरं का. वरच्यानं. लगेच दिला. पन फोटूवाल्यानं तवा बटान दाबलंच न्हाई."

बंडू मात्र फोटो सोडेना. उजेडात धरून बघत राहिला. "वरच्याचं आंग लई भारी हाय," तो म्हणाला. "कोंडिबातात्या, दोन दिस ऱ्हाऊ द्या माज्याकडं."

त्याला एक तांत्रिक अडचण सतावत होती, ती समितीनं आधी लक्षात घेतली नव्हती. निवडलेल्या अठरा मल्लांपैकी एकाचाही कुस्ती खेळतानाचा फोटो नव्हता. होते ते लग्नातले, आधारकार्डावरचे आणि एक उसाच्या ट्रॅक्टरवरचा. पैलवानांच्या दालनात आधारकार्डावरचे चेहरे लावले तर लोक रेशन दुकान समजून रांग लावतील, ही भीती रास्त होती.

पुढच्या महिन्यात दालनाचं उद्घाटन झालं. गावानं फेटे बांधले, हलगी वाजली, पाहुण्यांची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी ठेवण्यात आली. मी आकाशला कडेवर घेऊन आणि रश्मीचं बोट धरून गेले. मामंजी आधीच पोचले होते. टाइल्सवर चप्पल काढून, जुन्या सवयीनं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत होते.

भिंतींवर अठरा फोटो होते. कुस्तीचे. प्रत्येकात एक पहाडासारखं अंग, प्रत्येकावर वेगळं डोकं. अध्यक्षांचं डोकं चष्म्यासकट. तुटक्या कानाचं डोकं कानाच्या बाजूनं. दुबईच्या गृहस्थांचं गॉगल लावलेलं. धोंडाबाईंच्या वेळी बंडूनं औचित्य सांभाळून लंगोटावरून पैठणी चढवली होती. मांड्या तेवढ्या तशाच राहिल्या. (धोंडाबाईंनी त्या निरखून पाहिल्या आणि "तरनेपनी आशाच व्हत्या" असा अभिप्राय दालनाच्या शेरेवहीत नोंदवायला लावला.)

आणि अठराच्या अठरा फोटोंत खाली तोच माणूस होता. दोन्ही खांदे मातीला टेकलेले, तोंड आमच्याकडे, हसणारा.

मामंजी हात मागं बांधून पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सावकाश गेले. मला वाटलं, आता ते काही बोलतील आणि मला ते आयुष्यभर ऐकू येत राहील.

"एकसष्ट आन अठरा," ते म्हणाले. "एकोनऐंशी झाल्या, सूनबाई." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "आगं, दालनात तर आलो का न्हाई? समद्यांपेक्षा जास्तीच."

दूधवाले येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून गेले. "कसं पाडलं!" म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले होते. पण महिन्याभरात मी त्यांना एसटी थांब्यावर एका परगावच्या माणसाला तो डाव समजावून सांगताना ऐकलं, आणि तेव्हा ते चेष्टा करत नव्हते.

दालन चांगलं चालतं. मात्र गावातल्या उरलेल्या एक हजारावर अजिंक्य माणसांची नाराजी होती, आणि ती रास्तही होती. त्यावर बंडूनं दाराशी माणसाच्या उंचीचा एक फ्लेक्स लाकडी चौकटीवर उभा केला. फोटो तोच. खाली मामंजी, वर ते अंग, आणि डोक्याच्या जागी गोल भोक. मागून जाऊन भोकातून तोंड बाहेर काढायचं, समोरून फोटो काढून घ्यायचा, आणि बाहेर पडायचं ते मल्ल म्हणूनच. पायाखाली ठेवायला दोन विटा आहेत. लहान चणीच्या मल्लांनी दोन्ही वापराव्यात.

रविवारी रांग असते. पुण्याची माणसं रायरेश्वराला जाता जाता थांबतात. तुम्हीही या. अर्ज लागत नाही, छाननी नाही. तुमची पाठ आजवर कुठल्या आखाड्यात लागलेली नाही, हे समितीनं गृहीत धरलेलं आहे आणि तुम्हीही नाही म्हणणार नाही. खाली कोण आहे हे विचारायची गरज नसते. आजवर कुणी विचारलेलं नाही. चेहरा नीट आला का, एवढंच सगळे विचारतात.

गेल्या रविवारी सचिवाचा फोटो राहिलाय म्हणून बायकांनी मलाही ढकललं. आकाशला धोंडाबाईंनी घेतलं. मी "नको, नको" म्हणत मागं गेले, विटेवर चढले आणि भोकातून तोंड काढलं. खरं सांगते, छान वाटलं. समोर सगळं गाव हसत होतं, मोबाईल वर धरलेले, आणि दोन बाळंतपणं झालेल्या माझ्या मानेखाली एवढी रुंद छाती पहिल्यांदाच आली होती. मीही हसले. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर मामंजी बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

रश्मी तेवढी फ्लेक्सच्या अगदी पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिनं आधी खाली मातीत पडलेल्या आजोबांकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे. माझे दोन्ही हात फ्लेक्सच्या मागं, चौकटीला धरलेले होते.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना हात कधी देनार?"